नाकावरचा कुरमुरा

दर वर्षी जूनमध्ये नव्या मुली आल्या, की पहिल्या दोन आठवड्यांत हा प्रश्न येतोच. मी शनिवार-रविवार शहापूरला एका शाळेच्या हॉलमध्ये मुलींना कराटे शिकवते. वर्ग सुरू व्हायच्या आधी कोणीतरी मोबाइल पुढे करते. पडद्यावर जाळीच्या पिंजऱ्यात दोन बायका असतात, एक लाथाबुक्क्यांची, दुसरी पकडींची. मॅडम, खरी मारामारी झाली तर कोण जिंकणार, आपलं कराटे का कुस्ती? माझं उत्तर ठरलेलं आहे. दोघींत हातभर अंतर आहे तोवर मारणारी जिंकते, अंतर संपलं की पकडणारी, आणि दार उघडं असेल तर सगळ्यात आधी पळणारी. मुली हसतात आणि रांगेत उभ्या राहतात. उत्तर चुकीचं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं मला सतराव्या वर्षी कळलं आणि ते मी वर्गात कधी सांगितलेलं नाही.

आमचं घर सरळगावहून किन्हवलीकडे जाणाऱ्या रस्त्याला, गावाच्या जरा बाहेर होतं. बाबांची भातशेती होती आणि दिवाळीनंतर गवताचं काम असे. अंगणात गवताच्या गंजी घरापेक्षा उंच व्हायच्या आणि होळीपर्यंत आमच्या केसांत, अंथरुणात, कधी भाकरीच्या पिठातही गवताच्या काड्या सापडायच्या. घराच्या मागे कुडाच्या भिंतींची, पेंढ्याने शाकारलेली एक लांब खोप होती. ती बाबांची तालीम. तरुणपणी बाबा दूरदूरच्या जत्रांत कुस्त्या खेळून आलेले होते. पुढे गुडघा गेला, पण माती सुटली नाही. आजूबाजूच्या वाड्यांतली दहा-बारा पोरं पहाटे यायची. आत गुडघाभर खोल लाल माती, कोपऱ्यात मारुतीची तसबीर, आणि दारात सागाच्या ओंडक्याचा उंबरा. तो उंबरा माझ्या अकरा वितींचा होता. मोजायला मला भरपूर वेळ मिळाला, कारण माझी जागा त्याच्या बाहेर होती.

मातीत ताक, हळद, तेल आणि लिंबाचा रस मुरवावा लागे. सहा-सात वर्षांची होते तेव्हापासून लिंबं पिळायची आणि ताकाचं मडकं उंबऱ्यापर्यंत न्यायचं, हे माझं काम. पुढचं काम पोरं करायची. पोरींनी आत पाय नाय ठेवायचा, मारुतीची जागा हाय, एवढंच मला सांगितलं होतं आणि एकदाच सांगितलं होतं. मला कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागत नसे. सकाळी स्वयंपाकघरात आई तांदळाच्या भाकऱ्या थापायची आणि मागून मांड्यांवर शड्डू ठोकल्याचे आवाज यायचे. दोन्ही थापांचा असा काही मेळ बसायचा, की सुट्टीत आजोळी गेले की मला भाकरीचा आवाज एकटा वाटायचा. कोण पडलं तेही मी चुलीपाशी बसून सांगायची. जड पोरगा पडला की माती हुंकारल्यासारखी वाजते, हलका पडला की नुसता फसकन आवाज करते. बाबा हे ऐकून हसायचे आणि आलेल्यागेलेल्यांना सांगायचे, आमच्या रेखाला कानांनी कुस्ती कळते. मी तेवढ्यावर खूश होते. मी एकुलती होते, वाटेकरी कोणी नव्हतं.

नववीत असताना शहापूरला कराटेचा वर्ग सुरू झाला. शिकवणारे सर आसनगावकडे एका कारखान्यात कामाला होते आणि रविवारी शाळेच्या हॉलमध्ये वर्ग घ्यायचे. बाबांनी नाव घालायला लगेच होकार दिला. तुजी हाडं बारीक हायत, तुला लांबूनच मारायला शिकलं पायजे, असं म्हणाले. मी रविवारी सकाळच्या एसटीने जायची आणि दुपारी परत यायची. मला कराटेची आवड होती असं नाही. मला शिस्तीची आवड होती, आणि कराटेत रांगा, क्रम, आकडे, पट्ट्यांचे रंग सगळं होतं. मुख्य म्हणजे बाबांना दाखवता येईल असं काहीतरी माझ्या अंगात येत होतं.

सरांचा सगळा भर एका गोष्टीवर होता. ठोसा पूर्ण ताकदीने मारायचा आणि अंगाला लागायच्या आत थांबवायचा. लागला की गुण गेला, रक्त आलं की सामना गेला. याला ते कंट्रोल म्हणायचे. त्यासाठी त्यांनी एक युक्ती काढली होती. समोरच्या मुलीच्या नाकाच्या शेंड्यावर थुंकी लावून कुरमुरा चिकटवायचा. त्याच्यावर ठोसा मारायचा. वाऱ्याने कुरमुरा हलला पाहिजे, पण पडता कामा नये. पडला तर दहा उठाबशा. पहिल्या महिन्यात हॉलभर कुरमुरे सांडलेले असायचे आणि दोघी-तिघींची नाकं सुजलेली. तीन वर्षांनी माझ्यासमोर उभं राहायला कोणालाच भीती वाटत नसे. माझ्या मुठीपुढे कुरमुरा नुसता शहारायचा. हे मी घरी बाबांना करून दाखवलं. त्यांनी कुरमुरा काढून तोंडात टाकला आणि म्हणाले, छान.

मी दहावीत गेले त्या जूनमध्ये वनिता आली. ती माझी आतेबहीण, वैशाखऱ्याची. मुरबाडला शाळेत जायला आमचं घर सोयीचं, म्हणून आत्याने तिला आमच्याकडे ठेवलं. माझ्याहून वर्षाने लहान, पण दिसायला मोठी. रुंद पाठ, आखूड मान, आणि चालताना पाय जमिनीला विचारून टाकल्यासारखे सावकाश. स्वभावाने इतकी साधी, की तिच्यावर चिडायचं तर कारण शोधावं लागे. मी शोधलं.

येऊन तिला आठच दिवस झाले होते. बाबा तालमीत एकटे बैठका मारत होते आणि मी ताकाचं मडकं घेऊन उंबऱ्याशी उभी होते. आमची तांबडी कालवड दावं तोडून माझ्या शेजारून आत घुसली आणि मातीत उड्या मारू लागली. तिच्यामागून वनिता धावत आली आणि न थांबता उंबरा ओलांडून आत गेली. कोणी तिला सांगितलंच नव्हतं. तिने एका हाताने कालवडीची मान आणि दुसऱ्याने पलीकडचा पुढचा पाय धरला, कंबर लावली आणि जनावराला जराही न दुखवता आडवं केलं. वैशाखऱ्याला गोचिड्या काढायला आमी असंच पाडतो, असं ती कालवडीच्या खांद्यावर गुडघा ठेवून माझ्याकडे बघत म्हणाली. मी बाबांच्या ओरडण्याची वाट पाहत होते. बाबा बैठक अर्धी सोडून उभे राहिले.

"परत कर," बाबा म्हणाले.

"चुकलं का मामा?"

"परत कर म्हणलं."

तिने कालवडीला उठवून पुन्हा पाडलं. मग बाबांनी कालवड बाहेर हाकलली आणि स्वतः समोर उभे राहिले. मी खाली पाहिलं. माझी दहाही बोटं उंबऱ्याच्या बाहेर एका रेषेत होती. मडकं हातातच होतं.

मला याद्या करायची सवय त्या दिवसापासून आहे. आज माझ्या घरी वाणसामानाची यादी असते, वर्गातल्या मुलींच्या उंची-वजनांची असते, कोणाला कोणता पाय आधी उचलायची खोड आहे याची असते. सगळ्या उपयोगाच्या. पहिली यादी मात्र कुठल्याच उपयोगाची नव्हती. वहीच्या मागच्या पानावर मधोमध रेघ मारून मी दोन रकाने केले होते, एकावर 'ती', दुसऱ्यावर 'मी'. म्हशीच्या धारेचा पहिला पेला, ती. रात्री भिजवलेले बदाम, ती. पाठीला तेल, ती. सकाळी नावाने हाक, ती. चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण असलं की सगळ्यात मोठी नांगी बाबा दाताने फोडून मला द्यायचे. त्या पावसाळ्यात एकदा त्यांनी ती फोडली, माझ्याकडे हात आणला, आणि वळवून वनिताच्या ताटात ठेवली. तिला लागतं, एवढंच म्हणाले. वनिताने ती नांगी गुपचूप माझ्या भाताखाली सरकवली. ते मी यादीत लिहिलं नाही. तिच्या रकान्यात काय येतं एवढंच मला मोजायचं होतं. ती काय परत देते ते लिहिलं असतं तर यादी बिघडली असती.

मुलगी मातीत उतरली यावर गावात बोलणं झालंच. दोन जुने पैलवान येऊन बाबांना समजावून गेले. तीन पोरांनी तालीम सोडली. बाबा म्हणाले, मारुती माझ्याशी बोलंल तवा बघू. म्हणजे नियम मोडता येत होता. बाबांना तो मोडायला काहीच अवघड नव्हतं. फक्त माझ्यासाठी मोडावा असं त्यांना एवढ्या वर्षांत वाटलं नव्हतं. मी एकदा आईला विचारलं, मी आत गेले असते तर? आई भाकरी उलटत म्हणाली, "तू इचारलंस कवा? ती इचारत बसली नाय." मी आईवरही रागावले.

दोन वर्षं अशी गेली. वनिता पहाटे मातीत, मी अंगणात कराटेचे हातवारे करत. संध्याकाळी पोरं गंजीच्या सावलीला बसली, की चर्चा आमच्या दोघींचीच. कराटेवाली पहिली लाथ मारंल का कुस्तीवाली पहिला पाय धरंल? एक म्हणायचा, रेखाने नाकावर एक ठेवली की वनीला चांदण्या दिसतील. दुसरा म्हणायचा, पण नाकापर्यंत पोचाया पायजे ना, त्याच्या आधी वनी तिला गवताच्या पेंडीसारखी बांधून ठेवील. बाबांना विचारलं की ते गुडघ्याला तेल चोळत म्हणायचे, मारणाऱ्याला लांबी लागते आणि धरणाऱ्याला धीर. बेत दोघांचा एकच, समोरच्याला आपल्या अंतरावर आणायचा. आई आतून म्हणायची, आधी दोघी मिळून तेवढं गवत आत टाका, मग बघू कोण कोणाला पाडतंय. सगळे हसायचे. वनितासुद्धा हसायची. मी हसायची नाही, कारण मला ते खरंच ठरवायचं होतं.

बारावीच्या हिवाळ्यात दोन गोष्टी एकत्र आल्या. माझी ब्राउन बेल्टची परीक्षा, आणि म्हसा गावच्या जत्रेच्या दिवसांत भरणाऱ्या एका आखाड्यात मुलींची कुस्ती. आमच्या भागात मुलींची कुस्ती लागायची ती पहिलीच वेळ, आणि बाबा वनितासाठी जोड शोधत होते, म्हणजे तिच्या वजनाची, तिच्या तयारीची मुलगी. परीक्षेला येतो असं बाबांनी मला कबूल केलं होतं. मी हॉलमध्ये त्यांच्यासाठी खिडकीजवळची खुर्ची धरून ठेवली होती, तिथून सगळ्या हालचाली नीट दिसतात. परीक्षा तीन तास चालली. सरांनी शेवटी सगळ्यांसमोर माझ्याकडून कुरमुऱ्याचा ठोसा करून घेतला, डोळे बांधून. आधी हात लांब करून अंतर पाहायचं, एक पाऊल मागे घ्यायचं, मग मारायचा. कुरमुरा जागच्या जागी हलला, पडला नाही. टाळ्या झाल्या. खुर्ची रिकामीच होती. परतताना एसटीत मी पट्टा घडी करून मांडीवर ठेवला होता आणि मनात त्यांच्यासाठी कारणं शोधत होते. गवताची गाडी आली असेल, गुडघा धरला असेल. घरी आले तर आई एकटी होती. ती म्हणाली, बाबा सकाळीच म्हशाला गेले, वनीची जोड ठरवायला. माणसं आजच भेटणार होती.

पट्टा कोणत्या रंगाचा मिळाला हे कोणी विचारलं नाही. आईने जेवण वाढलं, मी न जेवता मागे गेले. दुपारची वेळ होती. वनिता तालमीत एकटीच फावड्याने माती खालीवर करत होती. उन्हाच्या तिरिपीत हळदीचा वास तरंगत होता. मी उंबऱ्याशी उभी राहिले आणि म्हणाले, चल, आज होऊ दे, तुझं का माझं. तिने फावडं भिंतीला टेकवलं. मामा रागवंल, असं म्हणाली. मी म्हणाले, मामा तुझ्यावर कधी रागावणार? आणि मग जे मनात दोन वर्षं होतं ते बोलले. तू इथे शिकायला आलीस. माझं घर घ्यायला आलेली नाहीस. तिचा चेहरा उतरला. तिने ओंजळीत माती घेतली, अंगाला चोळली आणि सलामीचा हात पुढे केला. मी उंबरा ओलांडून आत गेले. सतरा वर्षांत पहिल्यांदा, आणि पायाखालची माती इतकी मऊ असेल असं मला वाटलं नव्हतं. मी तिच्या हाताला हात लावला नाही. कराटेच्या रीतीने वाकून नमस्कार केला आणि मारला.

पूर्ण ताकदीने मारला, सरळ नाकावर. मूठ तिच्या नाकापासून बोटभर अंतरावर येऊन थांबली. मी थांबवली नाही, ती थांबली. वनिताने डोळेही मिटले नाहीत. मी पुन्हा मारला, पुन्हा तेच. बरगडीत लाथ घातली तर पाय तिच्या सदऱ्याला पुसून परत आला. तीन वर्षं, दर रविवारी, दोनशे-दोनशे वेळा मी हाताला एकच गोष्ट शिकवली होती आणि हात ती विसरायला तयार नव्हता. सरांच्या हॉलमध्ये माझे तीन गुण झाले असते. इथे गुण मोजणारं कोणी नव्हतं. वनिता गोंधळली. मी तिला खेळवते आहे असं तिला वाटलं असावं.

"मार की गो ताय," ती म्हणाली. "लागत नाय मला."

तिने ते अगदी मनापासून सांगितलं, मदत केल्यासारखं. मी चौथ्यांदा हात उचलला तेव्हा ती खाली वाकली, माझा पट काढला, म्हणजे दोन्ही पायांना कवळ घालून मला मुळासकट उचललं, आणि मी छपराकडे बघत होते. फसकन आवाज झाला. हलकं माणूस पडल्याचा. माझे दोन्ही खांदे मातीला टेकले, आणि टेकल्या क्षणी वनिताचे हात सुटले. कुस्तीत तिथे सगळं संपतं. पाठ लागली, निकाल झाला, आता जिंकणाऱ्याने हरलेल्याला हात देऊन उठवायचं. ती उठली, तळवे झटकले, वाकली आणि हात पुढे केला. तोंडावर राग नव्हता. थोडं हसूच होतं, आपलं भांडण मिटलं असं समजणारं.

मी डाव्या हाताने तिचा हात धरला, आणि उजव्याने मारला.

तो ठोसा थांबला नाही. ओली काटकी मोडावी तसा आवाज झाला. वनिता मागे बसली, दोन्ही हातांनी नाक धरलं, बोटांमधून रक्त मातीवर पडू लागलं. ती रडली नाही, ओरडली नाही. एका हाताने नाक धरून दुसऱ्या हाताने तिने बाजूची माती ओढली आणि रक्तावर घातली. मामाला दिसंल, असं नाकातून म्हणाली. मग उठून हौदापाशी गेली. मी तिथेच बसून होते. माझ्या मुठीची दोन हाडं सुजत चालली होती आणि मला एवढंच कळत होतं, की हा ठोसा मला थांबवता आला नसता असं नाही.

संध्याकाळी बाबा आले ते जोड ठरवून, हातात सुपारी घेऊन, खुशीत. वनिताचं तोंड बघून त्यांनी सुपारी ओट्यावर ठेवली. तिने सांगितलं, फावड्याचा दांडा उसळून लागला. मुरबाडच्या डॉक्टरांनी नाक बसवलं आणि महिनाभर माती बंद सांगितली. जत्रेच्या आखाड्यात दुसऱ्या कुठल्यातरी मुली खेळल्या. पहिली कुस्ती त्यांची झाली, बक्षिसाचा पहिला नारळ त्यांना मिळाला. नाक मोडलं त्या रात्री बाबांनी जेवताना माझ्या हाताकडे पाहिलं. मी डाव्या हाताने भाकरी मोडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी होते. पोरांना बाबांनी परत पाठवलं होतं, त्यामुळे मागे शांत होतं. बाबा मागच्या दारात आले आणि म्हणाले, "रेखा, ये आत." आत म्हणजे कुठे, हे मला समजायला वेळ लागला. मग समजलं. आणि इथे मी खरं लिहिणार आहे, नाहीतर या सगळ्या लिहिण्याला अर्थ नाही. मला आनंद झाला. शेजारच्या खोलीत वनिता नाकाला पट्टी बांधून तोंडाने श्वास घेत झोपली होती, काल काय केलं ते मला पाठ होतं, आणि तरी मला आनंद झाला. मी केस घट्ट बांधले. उंबरा ओलांडताना उजवा पाय आधी टाकला.

बाबा मातीच्या मधोमध उभे होते. म्हणाले, मार. मला वाटलं त्यांना माझं कराटे बघायचं आहे. हात दुखत होता तरी मी नीट उभी राहिले आणि मारला. मूठ त्यांच्या तोंडापुढे थांबली. मिशीचे केस माझ्या बोटांना लागत होते, कातडी नाही. परत, ते म्हणाले. मी परत मारला. पुन्हा तिथेच. त्यांनी नाकापुढच्या मुठीकडे खाली डोळे करून नीट पाहिलं, तिच्यावरची सूज पाहिली.

"म्हंजी थांबवता येतो तुला," ते म्हणाले.

त्यांनी सलामीचा हात पुढे केला आणि मला पाडलं. गुडघा गेलेला माणूस, तरी कसं पाडलं ते मला दिसलंही नाही. मान धरून अलगद ठेवलं, कालवडीला ठेवावं तसं. खांदे टेकले, ते उठले, वाकले आणि हात दिला. मी तो घेतला नाही. स्वतःची स्वतः उठले. त्यांनी पुन्हा पाडलं, पुन्हा हात दिला, पुन्हा मी घेतला नाही. तो हात तसाच पुढे असायचा, मी उठेपर्यंत ते तो मागे घेत नसत. असं पाच वेळा झालं. सहाव्यांदा मी हात धरला. त्यांनी ओढून उभं केलं, मी त्यांचा हात सोडला, बस. एवढंच करायचं होतं. त्यांनी माझ्या पाठीवरची माती झटकली आणि म्हणाले, जा, भाकर खा.

मला त्यांनी पुन्हा कधी आत बोलावलं नाही. महिन्याने वनिता मातीत उतरली, पुढच्या हिवाळ्यात तिने तिचा नारळ जिंकला आणि बाबा तो नारळ हातात धरून घरापर्यंत चालत आले. मी ताकाचं मडकं उंबऱ्यापर्यंत नेत राहिले, लग्न होईपर्यंत. बाबांच्या शेवटच्या आजारात मी दोन महिने त्यांच्याजवळ होते, औषधांची यादी भिंतीला लावून, वेळेवर सगळं देत. वनिता आठवड्यातून एकदा यायची आणि त्यांची पाठ चोळून द्यायची. त्या दिवशी ते जेवायचे. हेही माझ्याकडे लिहिलेलं आहे.

वनिता आता वैशाखऱ्याला घाटाच्या रस्त्यावर खानावळ चालवते. नाक डावीकडे कललेलं आहे आणि थंडीत ती तोंडाने श्वास घेते. गेल्या डिसेंबरात मी तिच्याकडे जेवायला थांबले होते. गिऱ्हाइकं गेल्यावर ती समोर बसली आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या दुपारबद्दल बोलली.

"ताय, पयले ठोसे का नाय लावलेस गो? पयलाच लावला असतास तर मी तिथंच बसले असते."

मी तिला कुरमुऱ्याचं सगळं सांगितलं. थांबवलं नाही, थांबलं, असं म्हणाले. ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं.

"माजंबी तसंच," ती म्हणाली. "खांदे टेकले की हात सुटतात. धरून ठेवावं असं डोक्यातच येत नाय."

मग तिने आत जाऊन चिंबोरीचं कालवण आणलं, मोठी नांगी फोडून माझ्या ताटात ठेवली, आणि मी ती खाल्ली. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, जाऊ दे, जुनं जालं. तिच्या बाजूने खरंच जुनं झालं आहे. तिच्याकडे बाबांच्या हाताखालच्या पाच वर्षांच्या सकाळी आहेत, शेकडो, तिने कधी मोजलेल्याही नाहीत. माझ्याकडे एक आहे. निरोप घेताना ती सकाळ माझ्या ओठांवर आली होती, की नाक मोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तू झोपलेली असताना बाबांनी मलाही आत बोलावलं होतं, सहा वेळा पाडलं होतं, माझी पाठ झटकली होती. वनिताला ऐकून बरंच वाटलं असतं. मी सांगितलं नाही. गाडीत बसले, काच खाली करून हात हलवला, आणि घाट मागे टाकून घरी आले.